मर्यादा कोणी कोणाची ठरवायची?

दिवाळी अंकात भांडण नसावे, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटात कारले कोणी वाढीत नाही. घरोघर पणत्या लागलेल्या, पोरेबाळे नव्या कपड्यांत, माहेरवाशिणी आलेल्या, अशा वेळी हातात पडणाऱ्या अंकातून चार घटका करमणूक व्हावी, फार तर डोळ्यांच्या कडा ओल्या व्हाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. तरीही मी आज कारले घेऊनच आले आहे. कारण ज्या सणाच्या ताटात ते वाढावयाचे आहे, त्या सणाशीच त्याचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी कळेल. तोवर वाचकांनी सोसावे.

मी बिडकीनची. म्हणजे दिल्याघेतल्याची बिडकीनची; जन्म गोदाकाठच्या एका लहानशा गावातला. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचे गाव आहे. एका अंगाला शहर आणि दुसऱ्या अंगाला नाथांचे पैठण, अशा दोन ओढींमध्ये ते उभे आहे. तीस वर्षे मी मास्तरकी केली. आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणे, एवढाच माझा धंदा. अशीच एके दिवशी संध्याकाळी बसले असता माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. तिचे नाव मी येथे सांगत नाही. नाव पुढे करून बोलण्याची किंमत तिने एकदा मोजली आहे.

"बाई, तुमची सही पायजे," ती म्हणाली.

"कशावर गं?"

"निवेदन हाये. तहसीलदारसाहेबांना द्यायचंय. त्या महाराजांचं कीर्तन आपल्या तालुक्यात बंद करा म्हणून."

प्रकार असा होता. पंचक्रोशीतील एका गावी सप्ताह बसला होता. तेथे एका कीर्तनकारांनी निरूपण बाजूला ठेवून तासभर बायकांची टिंगल केली. शिकलेली सून, नोकरी करणारी सून, हातात मोबाइल धरणारी सून, पॅन्ट घालणारी सून अशा चढत्या क्रमाने त्यांनी सुनांचे वर्ग पाडले आणि शेवटी घर बुडते ते बाईच्या जिभेने, असा सिद्धान्त सांगितला. मंडप हसून हसून लोळला. बायकाही हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. माझी ही विद्यार्थिनी मात्र हसली नाही. ती उठली आणि भर मंडपातून चालती झाली. तिच्या पाठीवर महाराजांनी आणखी एक वाक्य टाकले आणि मंडप पुन्हा हसला.

मी निवेदन वाचले. भाषा चांगली होती. शुद्धलेखनही चांगले होते, याचा मास्तरीण म्हणून मला अभिमान वाटला. मग मी कागद तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मी सही करणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाई, तुमी बी त्यांच्यातल्याच." आणि निघून गेली.

हा लेख म्हणजे त्या वाक्याला माझे उत्तर आहे. ते पाठमोऱ्या मुलीला देता आले नाही, म्हणून चारचौघांत देते आहे.

माझे म्हणणे पटावयाचे तर या मुलीची आधीची हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या भागात औद्योगिक वसाहतीसाठी भूसंपादन झाले. शेंद्रा–बिडकीन या नावाने ही योजना ओळखली जाते; एकट्या बिडकीनच्या बाजूला सुमारे ८००० एकर जमीन तिच्यात आहे. ज्या कोरडवाहू रानाला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते, त्याला मोल आले. मोल आले तशी बहिणींची आठवण आली. वाटा देण्यासाठी नव्हे, सही घेण्यासाठी. वर्षानुवर्षे ज्यांना साधे आवतण नव्हते, त्या बहिणींना गाडी पाठवून आणण्यात आले, साडीचोळी करण्यात आली आणि हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेण्यात आली. हे केवळ आमच्याकडेच घडले असे नव्हे. महाराष्ट्रात जेथे जेथे जमिनीला भाव आला, तेथे तेथे हेच घडत आले आहे.

या मुलीने गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर चार ओळी लिहिल्या. कोणाचे नाव घेतले नाही, कोणाला अपशब्द वापरला नाही. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, वाचल्याशिवाय कोणी सही करू नये, एवढेच लिहिले. अर्ध्या तासात तिला समूहातून काढून टाकण्यात आले. संध्याकाळी दोन वडीलधारी माणसे तिच्या सासऱ्याकडे जाऊन बसली. "पोरगी शिकलेली आहे, चांगले आहे, पण बाईमाणसाने मर्यादेत बोलावे," असे सांगून, चहा पिऊन परतली. हीच माणसे कीर्तनाच्या मंडपात पुढच्या रांगेत हसत होती. आणि निवेदनाची कुणकुण लागताच हीच माणसे म्हणू लागली, "महाराजांनी काय बोलावे हे तुम्ही कोण सांगणार? घटनेने प्रत्येकाला बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे!"

वाचकहो, घटनेचा हा पुळका पाहून मला भरून आले. राज्यघटनेचे १९वे कलम यांना पाठ आहे. त्याच्या आधी १४वे आणि १५वे कलम येते, ती पाने मात्र यांच्या प्रतीत चिकटलेली असावीत. स्त्रीपुरुष समान आहेत, हे तेथे लिहिले आहे. ज्या हातांनी ते लिहिले गेले त्यांनीच हेही लिहिले. महाराजांना मुभा आणि मुलीला मर्यादा, अशी विभागणी त्या पुस्तकात कोठेही नाही.

मग एवढे सगळे दिसत असता मी सही का केली नाही? कारण आजवर या महाराष्ट्रात जिभेला जी जी कुलपे घडवली गेली, ती घडवताना कारण बहुधा स्त्रियांच्या शीलाचे सांगितले गेले आणि लावताना मात्र ती स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्याच तोंडाला लावली गेली. हे मी रागाने म्हणत नाही; हा आपला लिखित इतिहास आहे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्राने एकूण स्त्रीजातीवरच आग पाखडली. आमच्या मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे नावाची एक बाई हे वाचीत होती. ते पत्र बंद करा, असा अर्ज घेऊन ती कलेक्टरकडे गेली नाही. तिने लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापून घेतले. पाचशे प्रती आणि किंमत नऊ आणे. जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय, हा तिचा प्रश्न. नऊ आण्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. असे का झाले? कोणा कायद्याने त्यांचे तोंड धरले होते? नाही. त्यांची टवाळी करण्यात आली. सुधारणेच्या गोष्टी करणाऱ्यांनाही ती बोचली, इतकी की १८८५ साली जोतीराव फुले यांना 'सत्सार'मध्ये आपल्याच गोटातील माणसांविरुद्ध या बाईची बाजू घ्यावी लागली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. जवळजवळ एक शतक ते अंधारात होते, आणि त्याच्यावर बंदी कधीच नव्हती!

आता ज्याच्यावर कायद्याची बंदी आली त्याचे पाहा. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. बाईच्या देहावर बाईचा अधिकार आहे, मूल हवे की नको हे तिला ठरवता आले पाहिजे, पुरुषाला जी मोकळीक तीच स्त्रीला असली पाहिजे, असे हा गृहस्थ महिन्यामागून महिने लिहीत होता. त्यासाठी त्याने प्राध्यापकी सोडली, दारिद्र्य पत्करले. पत्नी मालतीबाई त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्याच्यावर खटला भरला गेला तो कशाचा? अश्लीलतेचा. १९३१ साली सनातन्यांच्या तक्रारीवरून त्याला शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. त्या वेळी कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. समाजाची नीती आणि स्त्रियांची अब्रू सांभाळण्यासाठी म्हणून जो कायदा होता, तो या देशात स्त्रीच्या हक्काविषयी सर्वांत निर्भीडपणे लिहिणाऱ्या माणसावर चालवला गेला. ज्या फळविक्रेत्याच्या गाडीवर बायकांची घाणेरडी चित्रे टांगलेली होती, त्याला कोणी हटकल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

पुढे याच बाबासाहेबांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिल मांडले. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोट आणि एकपत्नीत्व हे सारे त्यात होते. ते बाजूला पडले तेव्हा सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आणि ऑक्टोबरात जेव्हा ते संसदेत राजीनाम्याचे निवेदन करण्यास उभे राहणार होते, तेव्हा भाषणाची प्रत आधी दाखवा, अशी अट त्यांना घालण्यात आली. ते सभागृहातून बाहेर पडले आणि त्यांनी ते निवेदन वर्तमानपत्रांना दिले. स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न हे दोन वेगळे नाहीत, हे त्या एका दिवसाइतके स्पष्ट मला कोठेच दिसलेले नाही.

ही जुनी उदाहरणे झाली, असे कोणी म्हणेल. मग २०१२चे घ्या. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यात ६६ अ नावाचे कलम होते. त्रासदायक संदेशांपासून लोकांचे, आणि त्यात बायकांचेही, रक्षण व्हावे हा त्याचा सांगण्यातला हेतू. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत बंद पाळला गेला. असा बंद कशासाठी, असे फेसबुकवर विचारल्याबद्दल पालघरमध्ये अटक झाली ती दोन तरुण मुलींना! एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते आवडल्याची खूण केली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकले, हे ठीक झाले. पण धडा घ्यावयाचा तो हा, की मुसके शिवायला आपण कापड दिले तरी माप आपलेच घेतले जाते.

म्हणून मी माझ्या विद्यार्थिनीला सही दिली नाही. आज तहसीलदार कचेरीला "बायकांना वाईट वाटले" या कारणासाठी एक तोंड बंद करण्याचा अधिकार आपण देऊ, तर उद्या "गावाला वाईट वाटले" या कारणासाठी दुसरे तोंड बंद होईल, आणि ते तिचे असेल. ते एकदा झालेलेच आहे. तेव्हा कचेरीची गरजही पडली नव्हती. एका बोटाने काम भागले होते.

येथे महाराजांचे भक्त टाळ्या वाजवतील. त्यांनी थोडे थांबावे. स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते, असे मी म्हटलेले नाही. शब्द जोवर मत आहे तोवर त्याला उत्तर शब्दाने द्यावे. पण शब्द जेथे कृत्य होतो तेथे कायद्याने त्याला हात घातलाच पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्या मुलीला उद्देशून घाण बोलणे हे मत नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या ७९व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तोच ५०९व्या कलमाखाली होता. एखाद्या बाईला धमकावणे, तिचे छायाचित्र तिच्या परवानगीवाचून फिरवणे, अमक्या घरच्या मुलीला धडा शिकवा असे जमावाला सांगणे, यांतले काहीही मत नव्हे. घटनेच्या १९व्या कलमाचे दुसरे उपकलम याचसाठी आहे.

सीमारेषेवरचेही एक उदाहरण आपल्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले होते. प्रसिद्ध कीर्तनकार निवृत्तीमहाराज इंदुरीकर यांनी सम तारखेला मुलगा आणि विषम तारखेला मुलगी होते, अशा अर्थाचे विधान केल्यावरून २०२०मध्ये वाद उठला. महाराजांनी दिलगिरीही व्यक्त केली. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखाली संगमनेरच्या न्यायालयात तक्रार झाली. २०२१मध्ये सत्र न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. जून २०२३मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवून खटल्याचा मार्ग मोकळा केला. दोषी कोण, निर्दोष कोण, ते न्यायालयाने पाहावे; तो माझा विषय नव्हे. मी तेवढे तत्त्व घेते. दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४वर आली. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ती ८०७ होती. जेथे एवढ्या मुली हिशेबातून नाहीशा झालेल्या आहेत, तेथे मुलगा कसा होईल याची युक्ती सांगणे हा निव्वळ विनोद राहतो काय? असला प्रश्न कायद्यापुढे जावा, याला माझी ना नाही. पण सून पॅन्ट घालते म्हणून घर बुडते, हे मत आहे. गाढवपणाचे मत आहे, पण मत आहे. गाढवपणाला शिक्षा ठेवली तर तुरुंग पुरणार नाहीत आणि जेलरही मिळणार नाहीत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणून जे मंडपात गाजत होते, ते खरोखर स्वातंत्र्य होते काय? कीर्तनकार उंच जागी उभा असतो. त्याच्या हाती ध्वनिक्षेपक असतो. त्याच्या पाठीशी टाळमृदंग असतो, समोर विठ्ठल असतो आणि श्रोत्याने मध्ये बोलणे हा पापाचा प्रकार समजला जातो. ज्या बोलण्याला उत्तर देण्याची सोय नाही, त्याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. ती मक्तेदारी आहे. स्वातंत्र्य तेव्हा म्हणेन, जेव्हा त्याच जागेवरून, त्याच ध्वनिक्षेपकातून, त्याच मंडपापुढे त्या सुनेला उत्तर देता येईल आणि रात्री तिच्या सासऱ्याकडे कोणी चहाला जाणार नाही.

आणि हे परंपरेला धरून नाही, असे कोणी म्हणू नये. परंपरा आमच्याच जिल्ह्यात जन्माला आली आहे. वेरुळाजवळच्या देवगावी सतराव्या शतकात बहिणाबाई जन्मली. अजाण वयात तिचे लग्न तिच्याहून कितीतरी मोठ्या बिजवराशी लावून दिले. तिला कीर्तनाचे वेड लागले, तुकोबांचा ध्यास लागला, म्हणून नवऱ्याने तिला मार मार मारले. तिने तो मार आणि आपले सगळे आयुष्य अभंगांतून सांगून टाकले. घरची गोष्ट बाहेर सांगू नये, ही मर्यादा तिने तीन शतकांपूर्वी ओलांडली. आणि त्याच बाईच्या समाधीला शिऊरला जाऊन आपण आज माथा टेकतो. माथा टेकायचा बहिणाबाईपुढे आणि घरच्या सुनेने तोंड उघडले की ती वाचाळ! संतांना असे डोक्यावर घेणारे त्यांचे शब्द कानात मात्र शिरू देत नाहीत.

गावातल्या एका सज्जनांनी मला नाथांची गोष्ट ऐकवली. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला, तरी नाथ रागावले नाहीत. पोरींनी तशी शांती शिकावी, असे ते म्हणाले. मी म्हटले, "नाथांनी ती शांती स्वतःच्या अंगावर घेतली. थुंकणाऱ्याच्या शेजारी उभे राहून दुसऱ्याच्या लेकीला त्यांनी शांती शिकवली नाही." ते सज्जन तेव्हापासून आमच्या ओट्यावर येत नाहीत.

येथवर मी दुसऱ्यांना बोल लावले. आता ज्या गोष्टीसाठी ही लेखणी उचलली ती सांगते. ती सांगताना हात जड होतो.

माझे वडील निजामाच्या राज्यातले. त्या राज्यात सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. 'गश्ती ५३' हे शब्द आम्ही लहानपणी बागुलबुवासारखे ऐकले आहेत. चार माणसे जमून बोलू लागली की शिपाई कसा येई, याची गोष्ट वडील रंगवून सांगत आणि १७ सप्टेंबर १९४८ला आपली मुस्कटदाबी कशी संपली, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येई. २००७ साली ते वारले. तेराव्यानंतर धाकटा भाऊ कागद घेऊन आला. "अक्का, तलाठी खोळंबलाय. फेरफार करायचाय," एवढेच बोलला. तो वाईट नाही. माझ्या आजारपणात उशापायथ्याशी बसलेला भाऊ आहे. कागद हक्कसोडपत्राचा होता. मी मास्तरीण, वर्गात मुलांना न वाचता सही करू नका, असे सांगणारी. मी तो पूर्ण वाचला. कायदाही मला ठाऊक होता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या माझ्यासारख्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५पासून साऱ्या देशात आम्हालाही तो मिळाला. सारे माहीत असून मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही केली. सातबारावरून माझे नाव गेले. कोणी माझा हात धरला नव्हता, तोंड दाबले नव्हते. फक्त एक प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, "आणि माझे काय रे?" तो मी गिळला. गिळला, कारण माहेर तुटेल. दिवाळीला कोण बोलावील? भाऊबीजेला ताट कोणापुढे धरू?

ही माझी गश्ती. ती कोणत्याही राजपत्रात छापलेली नाही, म्हणून ती कोणत्याही न्यायालयात रद्द करून घेता येत नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ला वडील हयात असोत वा नसोत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. कायदा एवढा पुढे गेला. पण हक्क हा मागावा लागतो, आणि मागण्यासाठी बोलावे लागते. जिला बोलता येत नाही, तिला कायद्याने अर्धे रान दिले काय आणि अख्खे दिले काय, सारखेच. स्त्रियांच्या समतेचा पहिला हक्क वारशाचा नव्हे, मतदानाचा नव्हे, "आणि माझे काय?" हे चारचौघांत विचारण्याचा आहे. तो नसेल तर बाकीचे सगळे हक्क कागदावर सही करून सोडता येतात. म्हणून बोलण्याच्या स्वातंत्र्याला आपण बायकांनी शेवटपर्यंत जपले पाहिजे, ते शत्रूच्या तोंडी असले तरी. ते गेले तर सर्वांत आधी आपले जाईल.

हे सगळे मी त्या मुलीला पुढे बोलावून सांगितले. तिला पटले, असे मी म्हणणार नाही. "बाई, तुमाला थांबायला वेळ हाये. आमाला रोज त्या मंडपापुढनं जायचं असतंय," असे ती म्हणाली, आणि याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने ते निवेदन माझ्या सहीवाचून नेऊन दिले. तो तिचा अधिकार आहे. पण जाताना मी तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. सप्ताहाच्या मंडळींकडे तिने अर्धा तास मागितला. मंडळींनी "पुढच्या वर्षी बघू" म्हटले. मग आम्ही पुढच्या वर्षाची वाट न पाहता माझ्याच ओट्यावर बसलो. ध्वनिक्षेपक नव्हता, पंचवीसेक बायका होत्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, निम्म्या जागा आपल्या आहेत, तेथे नवऱ्याने नव्हे तर आपण बोलावयाचे असते, येथून तिने सुरुवात केली. मग वारशाचा कायदा साध्या भाषेत सांगितला. कोणाची टिंगल केली नाही. शेवटी मागच्या बाजूने एक म्हातारी उठली आणि तिने विचारले, "पोरी, माझा अंगठा वापस घेता येईल का गं?"

सगळ्या गप्प झाल्या. नोंदवलेला कागद असा सहजी फिरत नाही. फसवून किंवा दडपून घेतला असेल, तर न्यायालयात ते सिद्ध करावे लागते. मुलीने ते तिला खरे खरे सांगितले. म्हातारी खाली बसली आणि म्हणाली, "न्हाई तर न्हाई. इचारलं तरी मी."

त्या म्हातारीच्या त्या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. जमीन तिला मिळाली नाही, मिळणारही नाही कदाचित. पण इतक्या वर्षांनी ती विचारू शकली. मी तीस वर्षे मुलांना बोलायला शिकवले आणि मला ते जमले नाही.

भाऊबीज जवळ आली आहे. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, करदोरा हे सारे मी काढून ठेवले आहे. दरवर्षीप्रमाणे भाऊ येईल, दरवर्षीप्रमाणे मी त्याला मनापासून ओवाळीन, त्याला उदंड आयुष्य मागेन. तो ओवाळणी घालील. तेव्हा यंदा मी ते पाकीट घेणार नाही. त्याच्या समोर पाटावर बसून इतकी वर्षे गिळलेला प्रश्न विचारणार आहे. रान मला नको आहे. ते नांगरायला माझ्या अंगात बळ नाही. पण प्रश्न माझा आहे, तो मी सोडलेला नाही; त्याचे हक्कसोडपत्र कोणत्याही कचेरीत नोंदलेले नाही. तो रागावेल काय, उठून जाईल काय, मला माहीत नाही. तो उठून गेला, तर इतकी वर्षे मी माहेर म्हणून जे सांभाळले ते काय होते, एवढे तरी मला कळेल.

हा अंक ज्या घरात गेला असेल तेथेही भाऊबीज असेल. माझी विनंती बहिणींना नाही. त्यांना माझ्यासारखीच भीती असणार. विनंती भावांना आहे. ओवाळणी घालण्यापूर्वी एकदा एवढेच म्हणा, "ताई, तुला काही बोलायचे आहे का?" आणि मग ती बोलेपर्यंत थांबा. मर्यादा पाळायचीच असेल, तर तेवढा वेळ ती तुम्ही पाळा.